अंगठा, बूट आणि बर्फ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



"परदेशातले काहीतरी सांगा," असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा त्यांच्या मनात बर्फाचे डोंगर आणि चॉकलेट असावे. मी मात्र आज माझ्या पायाविषयी बोलणार आहे. हसू नका. निम्म्याजणींनी आत्ताच पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले, ते मला इथून दिसले.

अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येते आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो, त्याला इंग्रजीत 'बनियन' म्हणतात. "माझ्या बनियनचे ऑपरेशन आहे," असे मी फोनवर मावशीला सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, मग नवीनच आण की!" लोक म्हणतात, हे अरुंद बुटांमुळे होते. ते अर्धेच खरे. माझी आई रत्नागिरीकडची, जन्मभर अनवाणी नाहीतर साध्या वहाणेत वावरली. तिचाही अंगठा असाच होता. पायाची ठेवण वारशाने येते, अरुंद बूट ती बिघडवतात.

आम्ही झुरिकजवळ राहात होतो. तिकडे फेब्रुवारीत शाळांना खेळांची सुटी असते आणि सगळी आळी डोंगरावर लोटते. मुलांच्या मागून मीही वयाच्या 33 व्या वर्षी फ्लूमसरबर्गच्या उतारावर पडत-झडत स्कीइंग शिकले. त्याचे बूट म्हणजे एक प्रकरणच. 1960 च्या दशकात अमेरिकेत बॉब लँगे यांनी प्लास्टिकचे बूट आणले, तोवर ते कातड्याचे असत. कातडे निदान सैल पडते, प्लास्टिक हाडाला मुळीच दाद देत नाही. माझे बूट चवड्याशी 98 मिलिमीटर रुंदीचे होते, पाय त्याहून रुंद. दुकानदाराने "वापरून सैल होतील" म्हणून गळ्यात मारले, आणि मी भिडस्त, घेऊन आले. हाड लाल होई, दुसऱ्या बोटावर कुरूप आले, ते बोट वाकून मधला सांधा वर उभा राहिला. नखे काळी पडत ती वेगळ्याच कारणाने: मी भीतीने मागे रेलून घसरायची आणि बोटे पुढे आपटायची.

भगिनींनो, दोन हिवाळे मी घरच्यांशी खोटे बोलले. "तुम्ही जा, मला स्वयंपाक आहे," म्हणायचे आणि खिडकीत बसायचे. एका संध्याकाळी मी पाय गरम पाण्यात घालून रडत असताना हे परत आले, तेव्हा सगळे उघडे पडले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच सुरी उचलली नाही. आधी बूट बदला, म्हणाल्या. तिकडे प्लास्टिक तापवून हाडाच्या जागी बाहेर फुगवून देणारे कारागीर असतात. तळव्याखाली मापाची गादी बसवली, पायमोजाही एकच आणि पातळ. त्यावर मी एक हिवाळा काढला. पुढे साध्या चपलेतही पाय ठणकू लागला, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये ऑपरेशन ठरले. एप्रिल अशासाठी, की पुढच्या बर्फापर्यंत हाडाला वेळ मिळावा. नुसत्या दिसण्यासाठी असता तर पायाला हात लावला नसता, हेही त्यांनी बजावले.

या शस्त्रक्रियेला 'स्कार्फ' म्हणतात. त्याचा गळ्यातल्या रुमालाशी संबंध नाही. लाकडे जोडण्याच्या सुताराच्या सांध्याचे ते नाव. लांब हाड आडव्या नागमोडीत कापून सरकवतात आणि बारीक स्क्रूंनी बसवतात. वाकड्या बोटात तार घातली होती, ती काही आठवड्यांनी काढली.

ऑपरेशनपेक्षा नंतरचे सहा आठवडे अवघड. कडक तळाचा बूट, टाचेवर चालणे, आणि पाय उशांवर उंच. पाय वर करून बसायचे आणि ह्यांनी भांडी घासायची, याची मला इतकी लाज वाटली की दहाव्या दिवशी मी उठून कणीक मळायला गेले. रात्री पाय भोपळ्यासारखा सुजला. पुढे उलटी चूक केली. व्यायाम करायला सांगितला असता भीतीने अंगठा हलवलाच नाही, तो आखडला. फिजिओथेरपीच्या बाईंनी चांगलीच कानउघाडणी केली. मग रोज हाताने अंगठा वर-खाली, आणि बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करणे. सूज पुरती ओसरायला दिवाळी उजाडली. तोवर नव्या बुटाचे माप घ्यायचे नाही, कारण पायाचा आकारच बदललेला असतो.

माझ्या शेजारीणबाईंचा अंगठ्याचा सांधा झिजलेला होता, म्हणून तो कायमचा जोडून टाकला. त्यांना वाटले, खेळ संपला. पण उतारावरच्या स्कीइंगमध्ये टाच जखडलेली असते आणि कडक बुटात अंगठा वाकतच नाही; त्या पुन्हा मजेत जाऊ लागल्या. सपाट बर्फावर चालत जायच्या स्कीला मात्र टाच उचलते, अंगठा वाकावा लागतो; ते त्यांना सोडावे लागले.

जानेवारी 2017 मध्ये मी लहान मुलांच्या उतारावरून तीनदा खाली आले. दर फेरीनंतर बुटाचे चाप सैल केले. चौथ्या वेळी हे म्हणाले, "पुरे आता." मी ऐकले नाही.

चहानंतर मी मागच्या ओसरीवर बसणार आहे. कोणाला पाय दाखवायचा असेल तर दाखवा. मी डॉक्टर नव्हे, पण कोणत्या बाईंना मधुमेह असेल तर त्यांनी माझ्याकडे न येता सरळ डॉक्टरकडे जावे.