झाशीच्या राणीची मलायातली पलटण

सिंगापूर, 12 जुलै 1943. सुभाषचंद्र बोस स्त्रियांच्या सभेला येणार होते आणि मानवंदना स्त्रियांनीच द्यायची, असे ठरले होते. डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांनी घरोघर फिरून वीस जणी जमवल्या आणि आझाद हिंद फौजेच्या जवानांकडून ली-एनफिल्ड रायफली मागून आणल्या. एकेका रायफलीचे वजन चार किलोच्या आसपास. ती खांद्यावर चढवायची, उतरवायची, हुकूम होताच सलामी द्यायची. दोन-तीन दिवसांत एवढे शिकायचे होते. गणवेश शिवायला वेळच नव्हता. साड्या नेसूनच या बायकांनी नेताजींना शस्त्रसलामी दिली.

तीन दिवस आधीच्या विराट सभेत नेताजींनी स्त्रियांची पलटण उभी करण्याची हाक दिली होती आणि तिला नाव दिले होते झाशीच्या राणीचे. मोरोपंत तांब्यांची ही लेक 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता पडली, हे मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. झाशीच्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे ते दिवस मराठीत उतरले. पण राणी एकटी नव्हती. वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती ह्यू रोजनेच आपल्या अहवालात नोंदवले आहे, की शहरातल्या बायका तटबंदीची डागडुजी करत होत्या आणि सैनिकांना अन्नपाणी पोचवत होत्या. राणीचा अश्वारूढ पुतळा गावोगाव उभा राहिला. तटावर राबलेल्या या बायका मात्र अहवालातल्या एखाद्या ओळीपुरत्याच उरल्या.

मलायातल्या पलटणीच्या बाबतीतही तेच घडले. कॅप्टन लक्ष्मी सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शेकडो मुलींमध्ये रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या अनेकींनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. ज्या देशासाठी मरायचे तो आईवडिलांच्या बोलण्यातूनच माहीत, आणि पलटणीला नाव कुठल्या दूरच्या मराठी राणीचे! तरीही त्या आल्या.

क्वालालंपूरची जानकी देवर तर सुखवस्तू घरातली. नेताजींच्या सभेला ती सायकलवरून गेली आणि भाषण संपल्यावर पुढे होऊन तिने कानांतले दागिने काढून त्यांच्या हाती ठेवले. घरी आता काय म्हणतील, ही धास्ती होतीच. पलटणीत जायला वडिलांची सही हवी होती. तीही तिने मिळवली. पुढे याच मुलीने ब्रह्मदेशात पलटणीचे नेतृत्व केले.

22 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर छावणी सुरू झाली. कवायत, नेमबाजी, संगिनीचे डावपेच, नकाशावाचन, शुश्रूषा, सगळे शिकवले जाई. अनेकींनी केस कापले. जपानी अधिकाऱ्यांना ही कल्पनाच रुचली नव्हती. 1944 मध्ये पलटणीतल्या मुली ब्रह्मदेशात पोचल्या, पण इंफाळच्या आघाडीवर जायला मिळावे ही त्यांची मागणी काही पुरी झाली नाही. ब्रह्मदेशातच, मेम्योच्या इस्पितळात त्या जखमी जवानांची शुश्रूषा करत राहिल्या.

म्हणून काही अभ्यासक विचारतात, की ही पलटण लढली कुठे? त्याच काळात सोव्हिएत रशियात बायकांची विमानपलटण लाकूड-कापडाच्या पो-2 विमानांतून रात्रीमागून रात्री जर्मन फौजांवर बॉम्ब टाकत होती. वैमानिकही बायका आणि विमानाखाली बॉम्ब अडकवणाऱ्याही बायकाच. ती तुलना समोर ठेवली तर मलायातल्या मुली कमी भरतात. पण आघाडीवर कोणाला पाठवायचे, हे त्या मुलींच्या हाती नव्हते. त्यांनी शस्त्र उचलले, शिकल्या, मरायला तयार झाल्या. सैनिकाने जे करायचे ते सगळे केले. न मिळालेल्या हुकुमाचा दोष त्यांच्या माथी मारणे हा सरळ अन्याय आहे.

शिवाय मरण त्यांना चुकले नाहीच. ब्रह्मदेशातून माघारीच्या वाटेवर रेल्वेने निघालेल्या तुकडीवर गनिमांचा हल्ला झाला. त्यात स्टेला आणि जोसेफीन या दोघी ठार झाल्या. एप्रिल 1945 मध्ये रंगून सोडून निघालेल्या मुलींबरोबर स्वतः नेताजी होते. दिवसा विमानांच्या भीतीने झाडीत दडायचे, रात्री चिखल तुडवायचा. नेताजींनी बूट काढले तेव्हा त्यांचे तळपाय फोडांनी भरलेले होते, ही आठवण जानकी पुढे सांगत असे. तीन आठवड्यांच्या या प्रवासानंतर मंडळी बँकॉकला पोचली.

युद्धानंतर जानकी मलेशियाच्या राजकारणात उतरली, सिनेटर झाली. 2000 मध्ये भारत सरकारने तिला पद्मश्री दिली. कॅप्टन लक्ष्मी, म्हणजे पुढच्या लक्ष्मी सहगल, कानपुरात गोरगरिबांच्या डॉक्टर झाल्या आणि 2002 मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूकही लढवली. मळ्यांवरच्या बहुतेक मुली मात्र रबराच्या झाडांकडे परतल्या. त्यांतल्या बहुतेकींना ना निवृत्तिवेतन मिळाले, ना पदक.

इकडे भारतात 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पायदळ आणि रणगाडादळाची दारे त्यांना अजूनही बंद आहेत. आघाडीवर पाठवा, ही मेम्योतल्या मुलींची मागणी ऐंशी वर्षे उलटून गेल्यावरही तशीच पडून आहे.