धाक, मोकळीक आणि आपली भीती



‘नव्वद मिळाले, मग दहा कुठे गेले?’ माझे अब्बा दर निकालाला हे विचारायचे. गेल्या महिन्यात मुलीची वही बघताना तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं. तिने काही न बोलता वही मिटून दप्तरात टाकली. म्हणून आजचा विषय मी आधी माझ्यासाठी निवडला आहे.

२०११ साली अमेरिकेत एमी चुआ यांचं पुस्तक गाजलं. त्या येल विद्यापीठात कायदा शिकवतात. आईवडील फिलिपीन्समधून आलेले, चिनी वंशाचे. मुलींना मैत्रिणीकडे राहायला बंदी, टीव्ही नाही, ‘ए’पेक्षा कमी श्रेणी चालणार नाही, असे त्यांच्या घरचे नियम. लगेच वाद पेटला : चिनी पालक बरोबर की पाश्चात्त्य?

पण त्याच पुस्तकात तेरा वर्षांची धाकटी मुलगी भर कॅफेत आईवर ओरडते, ग्लास फोडते. आई माघार घेते आणि मुलगी व्हायोलिन मागे ठेवून टेनिसकडे वळते. वाद घालणाऱ्या अनेकांनी तेवढा भाग सोडून दिला.

मुळात ही विभागणीच कच्ची आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकातच सांगितलं होतं की नुसता धाक आणि नुसती मोकळीक यांपेक्षा तिसरी रीत चांगली : नियम पक्के, पण त्यामागचं कारण सांगायचं आणि मुलाचं ऐकायचंही. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी दुसरी बाजू मांडली. चिनी भाषेत ‘ग्वान’ या शब्दात ताबा ठेवणं आहे आणि काळजी घेणंही आहे. म्हणजे कडक आई प्रेमळ नसते, हा समजही चुकीचा.

मग २०१३ मध्ये सू यॉंग किम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबं आठ वर्षं पाहिली. ‘वाघीण आई’ तिथे सर्रास नव्हतीच. मायेने आधार देणारे पालक सर्वांत जास्त होते. त्यांच्या मुलांचे गुण ‘वाघ’ पालकांच्या मुलांपेक्षा चांगले होते आणि नैराश्याची लक्षणं कमी.

आता आपल्याकडे येऊ. ‘आपल्याला दुसऱ्यांपेक्षा दुप्पट करून दाखवावं लागेल,’ हे आपल्या घरांत बोललं जातं. परक्या देशात आलेल्या चिनी आईवडिलांची भीती मला म्हणूनच ओळखीची वाटते. ही भीती खोटी नाही. नोकरीत, भाड्याच्या घरासाठी आपण ती अनुभवतो. पण भेदभावाशी लढायचं काम मोठ्या माणसांचं, संघटनेचं, कायद्याचं आहे. ते सहा वर्षांच्या पोरीच्या गुणपत्रिकेवर का लादायचं?

आणखी एक. आपल्या अनेक घरांत धाक आणि मोकळीक दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. मोकळीक मुलाला, धाक मुलीला. याला शिस्त म्हणू नका. हा अन्याय आहे.

तुमच्यातले बरेच जण काही वर्षांत आईबाप होतील. नियम जरूर करा, पण ‘का?’ असं विचारलं तर उत्तर द्या. उत्तर नसेल, तर तो नियम काढून टाका.

त्या रात्री मी मुलीची माफी मागितली. तिने वही पुन्हा उघडली आणि चुकलेलं गणित स्वतःहून दाखवलं. अब्बांना माझं चुकलेलं गणित मी कधीच दाखवलं नव्हतं.