अंगणातील झाडांचे ऋतुमान

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



तात्यापाऱ्यातील आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी जास्वंद, पेरू आणि आईने लावलेला पारिजातक होता. पेरूला आमचे छत्तीसगढी सवंगडी ‘बिही’ म्हणत. एका मे महिन्यात पाचोळ्याला कंटाळून मी पारिजातकाच्या फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या आणि भोवती फरशी बसवली. दोन वर्षांत झाड वाळले. आई काही बोलली नाही. मात्र पहाटे परडी घेऊन ती सवयीने त्या जागी उभी राही. त्या रिकाम्या परडीने मला झाडांचे ऋतुमान शिकायला लावले.

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा छाटणी केली की उघडी पडलेली साल उन्हाने करपते. उन्हाळ्यात आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन करावे. पाणी सकाळी वा सायंकाळी द्यावे आणि तेही खोडाशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली. कारण पाणी शोषणारी कोवळी मुळे तेथवर पसरलेली असतात.

पावसाळ्यात आधी माती ओळखावी. काळ्या कन्हार जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात, म्हणून चर काढावा. मुरमाड भाठा जमिनीत ओल टिकत नाही. तेथे मोठा खड्डा करून शेणखत भरपूर घालावे.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की गुलाब छाटावा. आंब्याचे पाणी हिवाळ्यात मोहोर येईपर्यंत तोडावे. डिसेंबरात त्याच्या खोडाला प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधावा. पिठ्या ढेकणाची पिल्ले जमिनीतून खोडावर चढतात, ती या पट्ट्यावरून घसरतात. जानेवारीत मोगरा छाटावा, म्हणजे उन्हाळ्यात तो बहरतो. पारिजातकाचीही हलकी छाटणी फुलांचा हंगाम संपल्यावरच करावी. मोठ्या फांदीच्या जखमेवर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी.

राहिली फरशी. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. आपल्या अंगणातली फरशी काढायला मात्र कोणाच्याही आदेशाची गरज नाही.

मी ती काढली आणि तेथे नवा पारिजातक लावला. त्याची पहिली फुले पाहायला आई नव्हती. पालकहो, आपल्या मुलांच्या हाती एकेक रोप द्या; त्याची वेळ जपायला ती शिकली, तर माणसांची वेळही जपतील.