मुक्या शिपायाचा शुश्रूषक

मोठ्या सभेच्या आधीं मंडपांत, रेल्वेच्या फलाटावर किंवा गणेशोत्सवाच्या गर्दीच्या जागीं पोलिसांचा कुत्रा जमिनीशीं नाक लावून फिरतांना पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याची दोरी ज्याच्या हातांत असते तो श्वानहस्तकही लोकांच्या नजरेस पडतो. परंतु अशा सरकारी कुत्र्यांच्या मागें आणखी एक माणूस उभा असतो, आणि त्याचें दर्शन सहसा कोणास घडत नाहीं. तो म्हणजे पशुवैद्याचा साहाय्यक. सैन्याच्या पशुवैद्यक दलांत त्यास ड्रेसर म्हणतात. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्यांत अशाच कामाच्या माणसास व्रणोपचारक अशी संज्ञा आहे. नांवावरून त्याचें काम जखमा बांधण्यापुरतेंच असावें असा ग्रह होतो. वस्तुतः तसें नाहीं. रोगाचें निदान करून औषध ठरविणें हें वैद्याचें काम. कांहीं तरी बिघडूं लागलें आहे हें आधीं हेरून वैद्याच्या कानीं घालणें हें या साहाय्यकाचें काम होय.

घरचा कुत्रा आजारी पडला तर तो कोपऱ्यांत जाऊन निजतो व घरची मंडळी लगेच सावध होतात. कामाच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. शिक्षणानें त्याच्या अंगीं शोधाची गोडी इतकी बाणलेली असते कीं, शोध हाच त्याचा खेळ आणि शेवटीं मिळणारा चेंडू हेंच त्याचें वेतन. पाय दुखत असला तरी आज्ञा होतांच तो उठतो. म्हणून शेपटी हलते आहे, अर्थात् सर्व ठीक आहे, असें हा शुश्रूषक कधींच मानीत नाहीं.

तो रोज पाहतो तरी काय? निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता माणसाहून अधिक, सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्यामुळें नुसता हात लावून ताप पाहूं जाणारा फसतो. त्यास तापमापकच लावावा लागतो. नाडी मांडीच्या आंतल्या बाजूस लागते. हिरडी बोटानें दाबून सोडली असतां तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आंत परत आला पाहिजे. न आला तर रक्ताभिसरणांत कांहीं बिघाड आहे असें समजावें. लॅब्रॅडॉर जातीचे कान लोंबते, म्हणून ते आंतून ओलसर राहून चिघळतात. अल्सेशियनच्या खुब्याचा सांधा सदोष असण्याचा संभव अधिक. पंजाच्या बेचक्यांत कांटा किंवा कांच रुतते, गोचीड दडते, आणि गोचिडीपासून येणारा ताप कुत्र्याचें रक्त शोषून घेतल्यासारखें करतो. पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तेव्हां त्याची लस वेळेवर टोंचली आहे किंवा नाहीं, हें वहींत पाहावें लागतें. वजनाची नोंद असतेच. पाव किलोचा फरक एका दिवसांत कांहीं सांगत नाहीं. परंतु चार आठवड्यांचे आंकडे एकाखालीं एक मांडले कीं तेच बोलूं लागतात.

येथें कोणी विचारील कीं, कुत्र्याचें सारें मोल त्याच्या नाकांत असतां त्याच्या कानांची, पायांची एवढी उस्तवार कशाला? उत्तर असें कीं, नाक शरीरापासून वेगळें नसतें. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाहीं. धापा टाकूनच तो अंगांतील उष्णता बाहेर टाकतो. आणि धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगूं शकत नाहीं. मे महिन्याच्या दुपारीं तापलेल्या डांबरावर अर्धा तास फिरविलेला कुत्रा स्फोटकाच्या पिशवीजवळून तसाच पुढें जाऊं शकतो. तेव्हां सावली, पाणी व विश्रांति या सवलती नव्हेत. त्या तपासाचाच भाग होत.

औषधाचीही तीच गोष्ट. मेट्रोनिडॅझोल हें कुत्र्यांच्या जुलाबावर नेहमीं दिलें जाणारें औषध. तें दिल्यावर स्फोटकें शोधणाऱ्या कुत्र्यांपैकीं कित्येकांची घ्राणशक्ति मंदावली, असें २०१६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें. कुत्रा धडधाकट दिसतो, उड्या मारतो, आणि नाक मात्र बोथट झालेलें असतें! कोणत्या कुत्र्यास कोणतें औषध किती दिवस दिलें, याची नोंद ज्याच्या वहींत आहे, त्याच्याच हातीं त्या वेळीं शेंकडों लोकांची सुरक्षितता असते.

अशा वेळींच या माणसाची खरी कसोटी लागते. बंदोबस्त मोठा, कुत्रे थोडे, आणि वरिष्ठ घाईंत. त्या वेळीं “आज हा कुत्रा कामास योग्य नाहीं” असें कोणी तरी म्हणावें लागतें. कुत्रा तें म्हणणार नाहीं, कारण त्याला वाचा नाहीं. हस्तकालाही तें जड जातें, कारण आपल्या कुत्र्याचा त्याला अभिमान असतो. उरला वैद्य; आणि वैद्याचा निर्णय साहाय्यकाच्या वहीवर व तोंडच्या शब्दावर अवलंबून असतो. तेथें संकोचानें गप्प बसणारा माणूस कितीही कष्टाळू असला तरी या कामास उपयोगी नाहीं.

मुंबईकरांना जंजीर या लॅब्रॅडॉर कुत्र्याचें नांव परिचित आहे. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत झालेल्या बाँबस्फोटांत २५७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुण्यांत शिक्षण घेऊन नुकताच मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकांत दाखल झालेल्या या कुत्र्यानें त्या काळांत ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स हुडकून काढलें. किती प्राण वांचले याचा हिशेब कोण मांडणार! पुढें त्याला हाडाचा कर्करोग झाला. परळच्या पशुरुग्णालयांत नोव्हेंबर २००० मध्यें तो मरण पावला, आणि पोलिसांनीं त्याला सन्मानानें निरोप दिला. कुत्र्याच्या पायांत होणाऱ्या या रोगाचें पहिलें लक्षण पुष्कळदां किंचित् लंगडणें एवढेंच असतें. तें दिसण्यास रोज त्याच पायांकडे पाहणारी सवयीची नजर लागते.

ज्या घरीं कुत्रा आहे त्या मंडळींनींही या शुश्रूषकाचा पाठ थोडा गिरविण्याजोगा आहे. आठवड्यांतून एकदां कान, दांत, पंजे व कातडी पाहावी, महिन्यास वजन करावें, आणि तें लिहून ठेवावें. आणि कामावरचा कुत्रा दिसला तर त्याला हांक मारूं नये, कांहीं खाऊं घालूं नये. कांदा, द्राक्षें व चॉकलेट हे पदार्थ तर कुत्र्यास विषासमान आहेत. लोकांनीं प्रेमानें दिलेल्या एका तुकड्यानें त्याचें पोट बिघडलें, तर दुसऱ्या दिवशीं एका फलाटावर तपासणीस कुत्रा कमी पडेल. आणि तो फलाट कदाचित् आपल्याच नेहमींच्या गाडीचा असेल.