चाचणीचे कोष्टक कोणी मांडावे?



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पीएचपी प्रकल्पांची चाचणी-कोष्टके यंत्राकडून मांडून घेणे, हा काही वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय वाटत नाही. परंतु आपल्यापैकी ज्यांनी म्हणून मराठी विकिपीडिया उघडला आहे, त्यांनी पीएचपीचे काम पाहिलेले आहे. विकिपीडियामागचे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर त्याच भाषेत लिहिलेले आहे, आणि वर्डप्रेसही. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून ती सारखी बदलत आली आहे. आमच्या आजच्या साऱ्या कटकटीचे मूळ या बदलण्यात आहे.

हल्ली कोणी सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. शेजाऱ्याकडून विरजण आणावे तशी इतरांनी लिहिलेली पॅकेजे आणावयाची आणि त्यांवर आपले काम उभे करावयाचे, असा रिवाज आहे. २०१२ साली आलेल्या कंपोजर या साधनाने तो सोपा केला. प्रत्येक पॅकेजाबरोबर ‘कंपोजर.जेसन’ नावाची एक फाइल असते आणि तीत लेखक लिहून देतो, की हे पॅकेज पीएचपीच्या अमुक आवृत्त्यांवर चालते. ‘^८.१’ असे लिहिले, तर ८.१ आणि तिच्यापुढच्या, पण ९ च्या अलीकडच्या साऱ्या आवृत्त्या आल्या. आम्ही या ओळीला वचन म्हणतो. वाचणारा परका मनुष्य तिच्यावर विसंबून आपले दुकान मांडतो.

आता हे वचन खरे कशावरून? पीएचपी ७ मध्ये शून्य हा अंक आणि ‘आंबा’ हा शब्द यांची सैल तुलना केली, तर दोन्ही समान आहेत असे उत्तर येई. नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आवृत्ती आली आणि तेच उत्तर ‘समान नाहीत’ असे झाले. प्रोग्रामातले एक अक्षरही न बदलता त्याचा निवाडा उलटला! उलट बाजूनेही घोटाळा होतोच. एका मजकुरात दुसरा आहे की नाही हे सांगणारे ‘स्ट्र_कंटेन्स’ हे फंक्शन ८.० मध्ये आले; ते वापरून ७.४ चे वचन देणाऱ्याचा प्रोग्राम त्या ओळीशी येऊन थांबतो. म्हणून वचनातल्या प्रत्येक आवृत्तीवर चाचणी चालविली पाहिजे, आणि तीही दर फेरबदलानंतर. या नित्यनेमाला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. कोणत्या आवृत्त्या, कोणते डेटाबेस, कोणत्या यंत्रणा घ्यावयाच्या हे ज्यात मांडतात, ते चाचणी-कोष्टक.

घोळ येथे होतो. वचन एका फाइलीत आणि कोष्टक दुसऱ्या फाइलीत, आणि दोन्ही माणसाच्या हातची. कोणी वचनाची खालची मर्यादा सैल करतो आणि कोष्टक तसेच राहते. हिरवी खूण मात्र रोज उमटत असते. तिच्यावर भरवसा ठेवणाऱ्याला काय ठाऊक, की त्याच्या आवृत्तीवर चाचणी झालीच नाही? लाल खुणेपेक्षा अशी हिरवी खूण आम्हांला अधिक धोक्याची वाटते.

यावर उपाय असा, की कोष्टक हाताने लिहूच नये. गिटहब ॲक्शन्समध्ये पहिले काम वचनाची ओळ वाचते, पीएचपीच्या आवृत्त्यांच्या यादीशी ताडून पाहते आणि जुळणाऱ्या आवृत्त्यांचे कोष्टक पुढच्या कामाच्या हाती देते. पीएचपीची नवी आवृत्ती अलीकडे दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येते, तेव्हा हे पंचांग पाहणे यंत्राला कठीण नाही. त्याच्या जोडीला पॅकेजांच्या सर्वांत नव्या आणि वचनात बसणाऱ्या सर्वांत जुन्या अशा दोन्ही आवृत्त्या घ्याव्यात. जुन्यांसाठी कंपोजरला तशी आज्ञाच आहे, पण ती फार थोडे लोक वापरतात.

मात्र यंत्राला गुणाकार शिकविला, की ते थांबावयाचे नाव घेत नाही. ८.१ पासून ८.५ पर्यंत पाच आवृत्त्या, तीन डेटाबेस, जुनी-नवी पॅकेजे आणि दोन यंत्रणा धरल्या, की साठ घरे झाली. गिटहब एका कोष्टकात २५६ पर्यंत घरे चालवून घेते. पण चालतात म्हणून चालवावीत काय? कोणत्याही दोन गोष्टींची प्रत्येक जोडी एकदा तरी एकत्र यावी एवढाच आग्रह धरला, तर साठांचे काम पंधरांत भागते. तीन गोष्टी जुळल्यावरच उपटणारा दोष यातून निसटू शकतो, हे खरे. तरीही आमचा कौल पंधरांना आहे. साठ घरांची वाट पाहून कंटाळलेला मनुष्य शेवटी चाचणीच बंद करतो.

आणखी काही खाचखळगे आहेत. हाताने लिहिताना ‘८.०’ भोवती अवतरणचिन्हे राहिली, तर ती दशांश संख्या ठरते, शेवटचे शून्य गळते आणि ८ मालिकेतली भलतीच आवृत्ती तपासली जाण्याचा धोका असतो. यंत्राने मांडलेल्या कोष्टकात ही चूक सहसा होत नाही. पण यंत्राची आपली खोड वेगळी. नवी आवृत्ती आली, की तिचे घर आपोआप वाढते आणि कोणा बिचाऱ्याचा निव्वळ शुद्धलेखन सुधारणारा बदलही लाल ठरतो. म्हणून येऊ घातलेल्या आवृत्तीचे घर आरंभी वेगळे ठेवावे. तेथील अपयश दिसावे, पण त्याने कोणाची वाट अडवू नये.

सर्वांत वाईट खळगा शेवटी. कोष्टक बदलले, की घरांची नावे बदलतात. तेव्हा अमुक नावाची चाचणी झाल्यावाचून बदल स्वीकारू नये, हा नियम एखाद्या कधीच न येणाऱ्या घराची वाट पाहत बसतो. त्यावर लोक सर्व घरांचा निकाल गोळा करणारे एक शेवटचे काम जोडतात आणि नियम त्याच्यावर बसवितात. हे योग्यच. पण आधीचे एखादे घर नापास झाले, तर हे शेवटचे काम मुळी चालतच नाही. ते ‘वगळले’ म्हणून नोंदले जाते, आणि वगळलेले काम गिटहब उत्तीर्ण धरते! म्हणजे नापासांची यादी वाचणारा मास्तरच गैरहजर, आणि वर्ग पास. त्या कामाला ‘काहीही झाले तरी चाल’ असे स्पष्ट सांगावे लागते, आणि प्रत्येक निकाल खरोखर यशाचा आहे की नाही, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यावे लागते.