मातीआडचे पीक



आंबा पाडाला आला की रंग सांगतो, ज्वारी भरली की कणीस सांगते. बटाटा मात्र आपली पक्वता मातीखाली झाकून ठेवतो. परसातील दोन वाफ्यांत हौसेने बेणे लावणाऱ्यास माघ उजाडताच प्रश्न पडतो : आता काढावेत, की थांबावे? घाई केली तर साठवण कुजते आणि फार थांबले तर ऊन व किडा आपला वाटा उचलतात.

हे पीक आपल्याकडे तसे पाहुणेच. ज्या कल्याणीच्या चालुक्यराज सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजगृहीची पक्वान्ने वर्णिली, त्या कल्याणीच्या पाकशाळेत बटाटा असणे शक्यच नव्हते. दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोहोचला आणि ‘बटाटा’ हे नावही त्यांच्याच भाषेतून मराठीत रुळले.

पहिला हिशेब दिवसांचा. कार्तिकात लावलेले पीक सामान्यतः 90 ते 100 दिवसांत तयार होते. 1972 साली प्रसारित झालेले ‘कुफरी लवकर’ हे पठारी प्रदेशाचे वाण नावाप्रमाणेच त्याआधी हाती येते. परंतु दिवस मोजून भागत नाही. पाला पाहावा लागतो. पाने हिरवी आहेत तोवर ती पिठूळ अन्न तयार करून खाली कंदात धाडीत असतात. ती पिवळी पडून जमिनीवर लोळू लागली म्हणजे वरून येणारी शिधासामग्री संपली असे समजावे. फुलांवर मात्र विसंबू नये. हिवाळ्याच्या लहान दिवसांत कित्येक झाडे फुलतच नाहीत.

भाजीपुरते चार कोवळे बटाटे हवे असतील, तर बाजूची माती खुरप्याने हलकेच सारून ते आधीही काढता येतात. साठवणीचे पीक मात्र सालीच्या कसोटीस उतरले पाहिजे. एक बटाटा काढून त्यावर अंगठा घासावा. साल कागदासारखी सुटली, तर अजून आठवडाभर धीर धरावा. कोवळ्या सालीतून आतला ओलावा बाहेर जातो आणि कूज आत शिरते.

साल घट्ट व्हावी म्हणून काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडतात. येथेच आपल्या भागाची अडचण उभी राहते. बसवकल्याणच्या आसपास काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी आहेत. तांबडी फारशी भेगाळत नाही. काळी मात्र पाणी तुटताच उलते. त्या भेगांतून बटाट्यावरील पतंगाची अळी कंदापर्यंत पोहोचते आणि उजेड लागून कंद हिरवे पडतात. म्हणून काळ्या जमिनीत पाणी तोडण्यापूर्वीच वरंब्याला मातीची चांगली भर द्यावी आणि पुढे भेग दिसताच ती बुजवावी. पाला वाळल्यावर तर रेंगाळूच नये. फाल्गुनाचे ऊन जमिनीत उतरण्यापूर्वी पीक घरात आले पाहिजे.

काढणी सकाळी, कोरड्या मातीत करावी. कुदळ झाडापासून वीतभर दूर चालवावी. निघालेले बटाटे धुऊ नयेत, उन्हात पसरू नयेत. दहा-पंधरा दिवस सावलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी ठेवावेत, म्हणजे साल निबर होते. कापले गेलेले प्रथम स्वयंपाकात घ्यावेत. हिरवे पडलेले टाकून द्यावेत. त्यातील विष शिजवूनही जात नाही. विशेषतः मुलांच्या पानात ते जाऊ देऊ नयेत.

तीन महिन्यांच्या मशागतीचे फळ या शेवटच्या पंधरवड्यात ठरते. दिनदर्शिका, पाला आणि साल या तिघांची साक्ष जुळली म्हणजे नि:शंकपणे कुदळ हाती घ्यावी.