गाळाचा हिशेब



‘गाळ’ हा शब्द आपण बहुधा तुच्छतेने उच्चारतो. भूविज्ञानाचा अभ्यासक या नात्याने मला मात्र तो मोलाचा वाटतो. त्याचे एकच उदाहरण मी आज आपल्यापुढे ठेवतो.

हैदराबादच्या वायव्येस मांजरा नदीवर निजामसागर आहे. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात हे धरण उभे राहिले. त्याची मूळ साठवणक्षमता सुमारे २९.७ अब्ज घनफूट होती. १९७०च्या दशकापर्यंत ती निम्म्याहूनही कमी झाली, आणि पुढे धरणाची पाणीपातळी वाढवावी लागली.

हा गाळ आला कोठून? मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर, बीदरकडून येथे येते. म्हणजे धरणात साचलेल्या गाळात मराठवाड्याच्या शेतांतील काळी मातीही आहे.

माती पाण्यात कशी बसते, याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. सूक्ष्म कण दहापट लहान झाला, की त्याचा तळाशी जाण्याचा वेग शंभरपट घटतो. संथ पाण्यात ०.०२ मिलिमीटर व्यासाचा कण एक मीटर खाली जाण्यास पाऊण तास घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून वाळू जलाशयाच्या मुखाशीच थबकते, तर चिकणमाती पार भिंतीपर्यंत पोहोचते. एकदा घट्ट बसलेली चिकणमाती पुन्हा उचलण्यास बारीक वाळूपेक्षाही अधिक वेगवान प्रवाह लागतो. धरणाची दारे उघडल्याने सारा गाळ वाहून जाईल, ही आशा त्यामुळेच फोल ठरते.

तेलंगणात २०१५ पासून ‘मिशन काकतीय’खाली तलावांतील गाळ शेतांत गेला. महाराष्ट्रानेही २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु नदीने फुकट वाहून आणलेली माती परत नेण्यास यंत्रे, इंधन आणि पैसा लागतो. तीच माती उगमाकडच्या शेतात बांध घालून, गवत राखून अडवणे कितीतरी स्वस्त पडते.

मित्रहो, वरच्या शेतकऱ्याची माती आणि खालच्या शेतकऱ्याचे पाणी ही एकाच खात्याची दोन पाने आहेत. राज्यांच्या सीमा बदलल्या. नदीचे खोरे तेच राहिले. या शाळेतील मुलांनी भूगोल शिकताना हे खाते एकत्र वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.